एका सम्राटाची दोन प्रायश्चित्ते



प्रायश्चित्तकाळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. मुले विचारतात, "मनातल्या मनात वाईट वाटले की झाले ना? ते बोलून कशाला दाखवायचे?" मोठी माणसे तोच प्रश्न जरा आडून विचारतात. चारचौघांत चूक कबूल केली तर मान कसा राहील, ही त्यांची चिंता असते. आम्ही धर्मशिक्षक मंडळी उत्तरादाखल दावीद राजाची, जक्कयाची, उधळ्या पुत्राची गोष्ट सांगतो. यंदा त्यांच्या जोडीला ख्रिस्तसभेच्या इतिहासातली एक गोष्ट ठेवावी असे आम्हाला वाटते. ती आहे सम्राट लुईची.

शार्लमेनचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. इ.स. 800 च्या नाताळात रोममध्ये पोप तिसरे लिओ यांनी ज्याच्या मस्तकावर सम्राटपदाचा मुकुट ठेवला, तो हा फ्रँक लोकांचा राजा. लुई त्याचा मुलगा. इतिहासात त्याला 'धर्मनिष्ठ लुई' म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याला 'देबोनेर' असेही नाव पडले, म्हणजे सौम्य, मऊ स्वभावाचा. हे दुसरे नाव घेताना काहींच्या स्वरात थोडी कीव असते. बापाने साम्राज्य उभारले आणि मऊ मुलाने ते घालवले, असा त्याच्या कारकिर्दीचा सारांश पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. त्या मऊपणाचा पुरावा म्हणून 822 सालचा एक प्रसंग दाखवतात. त्या वर्षी या सम्राटाने भर सभेत आपले अपराध कबूल करून प्रायश्चित्त घेतले.

आमचे मत नेमके उलट आहे. तो दिवस लुईच्या कारकिर्दीतल्या सर्वांत भक्कम दिवसांपैकी एक होता. त्याला धुळीला मिळवले ते दुसऱ्या प्रायश्चित्ताने. ते अकरा वर्षांनी, 833 साली, त्याच्याकडून करवून घेण्यात आले. एकाच माणसाच्या आयुष्यातली ही दोन प्रायश्चित्ते शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर आपल्या धर्मग्रामांनाही त्यातून पुष्कळ शिकता येईल.

लुईचा जन्म 778 सालचा. तीन वर्षांचा असतानाच त्याला आजच्या फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील अ‍ॅक्विटेनचा राजा केले गेले. 28 जानेवारी 814 रोजी शार्लमेन वारला तेव्हा त्याच्या वैध मुलांपैकी एकटा लुईच हयात होता. आजचा फ्रान्स, जर्मनीचा मोठा भाग आणि उत्तर व मध्य इटली एवढा पसारा त्याच्या हाती आला. त्याने पहिली पावले टाकली ती धर्मसुधारणेची. आनियानचे मठाधिपती संत बेनेडिक्ट यांना त्याने आखेनच्या राजवाड्याजवळ मठ बांधून दिला आणि 816 व 817 मधल्या सभांतून साम्राज्यातल्या मठांना एक शिस्त लावून दिली.

817 च्या पवित्र गुरुवारी आखेनच्या चर्चमधून परतताना लाकडी सज्जा कोसळला आणि सम्राट व त्याच्या सोबतचे लोक खाली पडले. लुई थोडक्यात वाचला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने वारसाहक्काची व्यवस्था जाहीर केली. थोरला लोथार सहसम्राट, पेपिनला अ‍ॅक्विटेन, धाकट्या लुईला बव्हेरिया. साम्राज्य अखंड राहावे, धाकट्यांनी थोरल्याच्या आज्ञेत असावे, असा तो करार होता आणि तो शपथेवर झाला होता.

या वाटणीत एका माणसाचे नावच नव्हते. लुईचा पुतण्या बर्नार्ड हा इटलीचा राजा होता आणि त्याला त्या पदावर खुद्द शार्लमेनने बसवले होते. वय अवघे विशीचे. आपले राज्य जाणार या धास्तीने त्याने बंड उभारले. पण काकाची फौज निघाल्याचे कळताच तो शरण आला. 818 साली आखेनमध्ये त्याचा खटला झाला. शिक्षा मृत्यूची ठरली. लुईने 'दया' म्हणून ती कमी केली आणि डोळे काढण्याची आज्ञा दिली. त्या जखमांनी बर्नार्ड दोन दिवसांत तडफडून मेला.

भीती माणसाला कुठे थांबू देत नाही. आणखी कोणी बंड करू नये म्हणून लुईने द्रोगो, ह्यूगो आणि थिओडोरिक या आपल्या तीन सावत्र भावांचे त्यांच्या मनाविरुद्ध मुंडण करवून त्यांना मठात धाडले. ही तर पोरसवदा मुले होती, आणि या भावंडांना सांभाळ असे मरण्यापूर्वी बापाने लुईला बजावले होते. त्याआधीच, गादीवर येताक्षणी, त्याने शार्लमेनचे विश्वासू सल्लागार अदालार्द आणि वाला या भावांना दरबारातून दूर केले होते. अदालार्दला तर समुद्रातल्या नोइरमूतिए बेटावर हद्दपार केले होते.

वरवर पाहता सगळे शांत झाले. बंडखोर उरला नाही, हक्क सांगणारा उरला नाही, टोकणारा उरला नाही. कोणाही राज्यकर्त्याने इथे सुटकेचा नि:श्वास टाकला असता. लुईला मात्र चैन पडेना. 821 मध्ये त्याने बर्नार्डच्या साथीदारांना माफी दिली, त्यांच्या जप्त केलेल्या मालमत्ता परत केल्या आणि अदालार्दला बेटावरून बोलावून पुन्हा त्याच्या मठाचा प्रमुख केले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एन नदीकाठच्या अतिन्यी येथील राजवाड्यात बिशप आणि सरदारांची सभा भरली. तिथे, बिशपांशी विचारविनिमय करून, सम्राटाने बर्नार्डच्या बाबतीत, भावांच्या बाबतीत, अदालार्द आणि वाला यांच्या बाबतीत आपल्या हातून जे घडले ते सर्वांसमोर कबूल केले. भावांशी समेट केला, प्रायश्चित्त घेतले आणि गोरगरिबांना दानधर्म केला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांचे नुकसान केले त्यांना लुईने आधी त्यांचे ते परत दिले आणि शब्द नंतर उच्चारले. जक्कयानेही येशूसमोर आधी परतफेडीचीच भाषा केली होती. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. 'झाले गेले विसरून जा' हे वाक्य आधी येते आणि बळकावलेली जमीन तशीच राहते.

दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. सम्राटाने असे केल्यावर सभेतल्या बिशपांनाही गप्प बसवेना. सम्राटाच्या उदाहरणाने आम्हीही जागे झालो, असे म्हणून त्यांनी आपल्या आचरणात, शिकवणीत आणि सेवेत हयगय झाल्याचे लेखी कबूल केले. त्यांना कोणी दटावले नव्हते, त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. वरच्या माणसाने मान खाली घातली आणि खालच्यांना आपापले दोष दिसू लागले. उपदेशाच्या शंभर पत्रकांनी हे साधले नसते.

याला दुबळेपणा कसे म्हणावे? सर्वसत्ताधीश माणसाला कोणीही जाब विचारू शकत नसताना त्याने स्वतःहून जाब दिला. त्यानंतर राज्य कोसळले नाही. पुढच्याच वर्षी द्रोगो मेत्झचा बिशप झाला. अदालार्द आणि वाला यांनी त्याच सुमारास जर्मनीत कॉर्वेचा मठ स्थापला. 826 मध्ये डेन्मार्कचा राजा हाराल्ड याचा माइन्झ येथे बाप्तिस्मा झाला आणि लुई स्वतः त्याचा धर्मपिता बनला. ज्या लोकांना त्याने दडपून ठेवले होते त्यांची कर्तबगारी समेटानंतर पुन्हा कामाला आली.

मग दुसरे प्रायश्चित्त कसे आले?

पहिली पत्नी वारल्यावर लुईने यूडिथशी लग्न केले आणि 823 मध्ये त्यांना चार्ल्स हा मुलगा झाला. या शेंडेफळालाही राज्याचा वाटा मिळावा म्हणून 829 पासून लुई शपथेवर केलेल्या वाटणीत फेरफार करू लागला. थोरल्या मुलांचा राग समजण्यासारखा होता. साम्राज्य एक राहावे असे मनापासून वाटणारे वालासारखे लोकही विरोधात गेले. विरोधकांचे म्हणणे सगळेच खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. दिलेला शब्द फिरवणे ही लुईची खरी चूक होती.

830 मध्ये पहिला उठाव झाला आणि फसला. 833 च्या जूनमध्ये अल्सेसमध्ये कॉल्मारजवळ बाप एका बाजूला आणि तिन्ही मुले दुसऱ्या बाजूला असे सैन्य समोरासमोर उभे राहिले. पोप चौथे ग्रेगरी समेटासाठी लोथारबरोबर आले होते. बोलणी चालू असतानाच रात्रीच्या रात्रीत लुईची माणसे फुटून पलीकडे गेली. त्या जागेला पुढे लोक 'लबाडीचे मैदान' म्हणू लागले. जे थोडे राहिले त्यांनाही, माझ्यापायी कोणी जीव गमावू नये म्हणून, लुईने मुलांकडे जायला सांगितले आणि तो शरण गेला. यूडिथला इटलीत तोर्तोनाला पाठवले, दहा वर्षांच्या चार्ल्सला प्र्युमच्या मठात आणि लुईला स्वासाँ येथील संत मेदार यांच्या मठात कैदेत ठेवले.

आता लोथारपुढे एक अडचण होती. अभिषिक्त सम्राटाला पदावरून काढायचे कसे? वाट सापडली ती प्रायश्चित्ताची. त्या काळच्या धर्मनियमांप्रमाणे ज्याने जाहीर प्रायश्चित्ताचा वेष घेतला त्याला पुन्हा शस्त्र धरता येत नसे, आणि ज्याला शस्त्र धरता येत नाही तो राज्य कसे करणार? ऑक्टोबरमध्ये कॉम्पियेन्य येथे सभा भरली. रँसचा आर्चबिशप एब्बो आणि लियॉनचा आर्चबिशप अगोबार्द हे पुढाऱ्यांत होते. एब्बो हा राजाच्या जमिनीवरील एका भूदासाचा मुलगा, लुईबरोबर वाढलेला. त्याला त्या आसनावर बसवले होते लुईनेच. आठ आरोपांचा कागद तयार झाला. स्वासाँच्या चर्चमध्ये वेदीसमोर खरखरीत केसाळ कापड अंथरले होते. त्यावर लुईने साष्टांग पडून तो कागद हाती घेऊन अपराध कबूल केले, कमरेची शस्त्रे काढून वेदीपाशी ठेवली आणि प्रायश्चित्ताचा वेष चढवला.

त्या आठ आरोपांत पहिल्याच आरोपात काय होते? भावांशी आणि पुतण्याशी केलेले वर्तन. म्हणजे अतिन्यीला ज्याचे प्रायश्चित्त होऊन गेले होते, ज्याबद्दल समेट झाला होता, तेच पाप अकरा वर्षांनी पुन्हा उकरून काढले. क्षमा केलेले पाप पुन्हा वापरायला काढणे, याहून मोठा अपमान क्षमेचा कोणता असेल? अतिन्यीला लुईने विश्वासाने जे उघड केले होते त्याचेच हत्यार झाले. एवढे झाल्यावरही त्याने कायमचे संन्यासव्रत घ्यावे म्हणून कैदेत त्याच्यावर दबाव आणला गेला. ते मात्र त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही.

कोणी विचारेल, बिशपांना राजाचे कान धरण्याचा अधिकार नव्हता काय? होता, आणि आहे. नाथान संदेष्ट्याने दावीदला तोंडावर सुनावले. 390 साली थेस्सलनीका येथे हजारोंची कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओदोसियसला मिलानचे संत अँब्रोझ यांनी प्रायश्चित्ताशिवाय ख्रिस्तशरीर देण्याचे नाकारले. अतिन्यीच्या प्रसंगी लुईच्या चरित्रकारालाही याच थिओदोसियसची आठवण झाली. परंतु नाथानाला दावीदची गादी नको होती. अँब्रोझ यांनी सम्राटाला पत्र लिहिले, वाट पाहिली, आणि त्याच नाताळात त्याला पुन्हा वेदीपाशी घेतले. स्वासाँला वाट पाहणारा जो होता तो गादीची वाट पाहत होता.

आमच्या मते कसोटी साधी आहे. कोणाला पश्चात्ताप करायला लावताना आपण स्वतःला विचारावे, हा माणूस वाकला तर रिकामी होणारी खुर्ची कोणाला हवी आहे? उत्तर 'आम्हाला' असे येत असेल तर आपण नाथानाच्या जागी उभे नाही.

स्वासाँचे ते प्रायश्चित्त किती टिकले? पाच महिनेसुद्धा नाही. बापाचे हाल पाहून धाकटे मुलगे उलटले, लोथार पळाला आणि 1 मार्च 834 रोजी, प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी, पॅरिसजवळ संत डेनिस यांच्या चर्चमध्ये बिशपांनी लुईचा समेट करून त्याला शस्त्रे परत दिली. सुटका झाली होती तरी ती त्याने आपल्या हाताने उचलली नव्हती. जे ख्रिस्तसभेच्या नावाने काढून घेतले ते ख्रिस्तसभेनेच द्यावे, असा त्याचा आग्रह होता. पुढच्या वर्षी 28 फेब्रुवारीला मेत्झच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुन्हा मुकुट घातला गेला.

इथे लुईच्या बाजूचेही एक खटकणारे पान वाचले पाहिजे. त्याच दिवशी मेत्झला एब्बोला व्यासपीठावर चढवून सम्राटावर अन्याय झाल्याचे बोलायला लावले. काही दिवसांत थिओंव्हिलच्या धर्मसभेत त्याच्याकडून लेखी कबुली आणि राजीनामा घेतला. जे लुईच्या वाट्याला आले तेच त्याच्या माणसांनी एब्बोच्या वाट्याला दिले. त्याचाही निकाल तोच लागला. लुई वारताच लोथारने एब्बोला परत आसनावर बसवले आणि ती कबुली हवेत विरून गेली. मग रँसच्या धर्मप्रांतात वर्षानुवर्षे भांडण चालू राहिले.

अतिन्यीचा समेट मात्र कोणीही रद्द केला नाही. लुईविरुद्ध उभा राहिलेला वाला 836 मध्ये लोथारचा दूत म्हणून आला तेव्हा सम्राट आणि सम्राज्ञीने त्याच्याशी पुन्हा मनोमीलन केले. मेत्झच्या मुकुटविधीच्या वेळी त्या धर्मप्रांताचा बिशप होता द्रोगो. 20 जून 840 रोजी ऱ्हाइन नदीतल्या इंगेलहाइमजवळच्या बेटावर लुईने प्राण सोडला, तेव्हा उशाशी कोण होते? तोच सावत्र भाऊ द्रोगो, ज्याचे एके काळी जबरदस्तीने मुंडण झाले होते. मुलगा लुई याने पुन्हा बंड केले होते. त्याला क्षमा कर अशी विनवणी द्रोगोने केली, आणि मरणाऱ्या बापाने ती ऐकली. त्याला पुरले मेत्झला, आई हिल्डेगार्डजवळ. त्याच्या मागे मुले लढली, 843 मध्ये व्हेर्दुनला साम्राज्याचे तीन तुकडे झाले. साम्राज्य राहिले नाही. भावाचा हात मात्र शेवटपर्यंत राहिला.

आता आपल्याकडे वळू. गोव्यापासून बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत विखुरलेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत. सगळे सगळ्यांना ओळखतात. अशा ठिकाणी एखाद्या कुटुंबाला मिस्सेनंतर उभे करून माफी मागायला लावणे, समितीच्या निवडणुकीच्या तोंडावर कोणाचे जुने प्रकरण काढणे, मुलीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून तिच्या आईला गायनमंडळातून गप्प बसवणे, हे प्रकार आपल्याला परके नाहीत. त्याला आपण 'मंडळीची शिस्त' म्हणतो. मुलाचा कान पिरगाळून 'सॉरी म्हण' म्हटले की मूल सॉरी म्हणते, पण दात ओठ खाऊन. मोठ्यांचे काही वेगळे होत नाही.

याचा अर्थ अन्याय पोटात घालावा असा मुळीच नाही. निधीचा हिशेब मागता येतो आणि मागावाच. अधिकाराचा गैरवापर करणाऱ्याकडून पद काढून घेता येते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जायला हवे. हे सर्व आज्ञेने होते. मनाचे वळणे तेवढे आज्ञेने होत नाही. ते पवित्र आत्म्याचे काम आहे. आणि समेट झालेली गोष्ट पुन्हा बाहेर काढू नये, हा तर नियमच करून टाकावा.

म्हणून या प्रायश्चित्तकाळासाठी आमची एक सूचना आहे. सुरुवात वरून व्हावी. धर्मग्राम परिषदेचे सदस्य, धर्मशिक्षक, गायनमंडळाचे प्रमुख, संस्थांचे पदाधिकारी यांनी पापनिवेदनाच्या रांगेत पहिले उभे राहावे. ज्याचे काही आपल्याकडे राहिले असेल, मग ते पैसे असोत, जमीन असो की नाव, ते पवित्र सप्ताहापूर्वी परत करावे, आणि मग त्याच्या दारी जाऊन दोन शब्द बोलावेत. मागच्या बाकांवरच्या लोकांना काही सांगण्याची गरज पडणार नाही. अतिन्यीच्या बिशपांनाही कोणी सांगितले नव्हते.

हे दयाळू पित्या, आम्हाला आमच्या अपराधांची स्वतःहून आठवण दे. दुसऱ्याच्या पश्चात्तापावर आपले आसन उंच करण्याच्या मोहापासून आम्हाला दूर ठेव. तू पुसून टाकलेले आम्ही पुन्हा लिहू नये, आणि ज्यांना आम्ही दुखावले त्यांच्यापैकी कोणीतरी शेवटच्या घटकेला आमच्या उशाशी असावे, एवढी कृपा कर. आमेन.